सलाईन, शहाळं की ओआरएस?

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या वाचक लिहितात: ‘गेल्या महिन्यात आमच्याकडे पोट बिघडण्याची साथच आली. आधी तीन वर्षांचा मुलगा, मग सासूबाई. मुलाला दिवसात सात-आठ वेळा पातळ शी आणि दोन उलट्या झाल्या. डॉक्टरांनी ओआरएस (पाण्यात मिसळायची क्षार आणि ग्लुकोजची पूड) आणि झिंक लिहून दिलं, पण दोन घोट घेऊन त्याने तोंड फिरवलं. मिस्टरांनी मेडिकलमधून संत्र्याच्या चवीचं तयार पेय आणलं, ते त्याने घटाघटा संपवलं, पण शी वाढल्यासारखी वाटली. सासूबाईंचं म्हणणं, पोटाला विसावा द्या, पाणी पाजलं की तेच खाली येतं. द्यायचंच तर शहाळं द्या. मिस्टर म्हणत होते, सलाईन लावून आणू, एका दिवसात टवटवीत होईल. डॉक्टर गरज नाही म्हणाले, मीही नको म्हटलं. मुलगा बरा झाला. मग सासूबाई आजारी पडल्या. वय ७१, बीपी आणि शुगर दोन्हींच्या गोळ्या चालू. ओआरएसमध्ये साखर असते म्हणून त्यांनी त्याला हात लावला नाही. सारखं संडासला जायला नको म्हणून पाणीही कमी केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उठताना चक्कर येऊन भिंतीला टेकल्या. तेव्हापासून घरात एकच वाद: सलाईन लावायला हवं होतं की नको. मला एवढंच सांगा, अंगातलं पाणी कमी झालं तर सगळ्यात ताकदीचं पेय कोणतं? तेच घरात भरून ठेवीन.’

ताई, दोघंही सावरले हे वाचून बरं वाटलं. तुमच्या घरातला वाद तुमच्या एकट्याचा नाही. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत हीच चार मतं मला दवाखान्यात ऐकू येतात, फक्त बोलणारी माणसं बदलतात. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. जुलाब होणाऱ्या माणसाला गळून गेल्यासारखं वाटतं, त्यामुळे त्याच्या अंगातली ताकद गेली असं आपण धरून चालतो आणि ताकद भरून काढणारं काहीतरी शोधतो: गोड, दाट, रंगीत, महाग. पण गेलेलं असतं पाणी, आणि त्या पाण्यासोबत सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षार. ते ज्या प्रमाणात गेले त्याच्या आसपास परत द्यायचे असतात. पेय जितकं ‘ताकदीचं’, म्हणजे जितकं दाट आणि गोड, तितकं ते बिघडलेल्या पोटासाठी चुकीचं.

याचं कारण आतड्यात आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत शिरतं. जुलाबात, अगदी कॉलऱ्यातसुद्धा, हा मार्ग चालू राहतो. नुसतं पाणी दिलं तर ही जोडी जमत नाही. नुसतं गोड दिलं तर मीठ कमी पडतं, आणि शोषली न गेलेली साखर उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते. मुलाची शी वाढल्यासारखी तुम्हाला वाटली, त्यामागे हे असू शकतं.

ही जोडी ठरलेल्या प्रमाणात देणारं पेय म्हणजे ओआरएस. त्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं सध्याचं सूत्र एक लिटर पाण्याला असं आहे: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. आता कोल्ड्रिंक बघा. त्यात एका लिटरला साधारण शंभर ग्रॅम साखर असते आणि सोडियम नावापुरतं. डब्यातल्या फळांच्या रसाचं गणितही फार वेगळं नाही. व्यायाम करणाऱ्यांसाठीच्या पेयांत थोडं मीठ असतं, पण ओआरएसच्या मानाने बरंच कमी, आणि साखर कितीतरी जास्त.

तुमच्या मिस्टरांनी आणलेलं पेय नेमकं कोणतं होतं ते पत्रात नाही, पण त्यांना दोष देऊ नका. वर्षानुवर्षं अशी गोड पेयं औषधांच्या दुकानात, ओआरएसच्याच फळीवर, नावात ती तीन अक्षरं मिरवत विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं चिकाटीने लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मागेपुढे काहीही जोडून पेयाच्या नावात ओआरएस वापरायची आधी दिलेली परवानगी काढून घेतली. या निर्णयाला इतका उशीर व्हायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे. पालक घाबरलेले असतात, दुकानात गर्दी असते, बारीक अक्षरं कोण वाचणार? तरी पाकीट घेताना एक गोष्ट बघाच: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असल्याचा उल्लेख आणि वरचे चार घटक. ते नसतील तर ते पेय बाजूला ठेवा.

आता सलाईन. ‘एक बाटली चढवली की माणूस उभा राहतो’ हा आपल्याकडचा समज फार खोल आहे, आणि तो काही हवेतून आलेला नाही. पाणी अतिशय कमी झालेल्या रोग्याला शिरेतून द्रव देऊनच वाचवतात. तोंडाने पिता येत नसेल, रोगी ग्लानीत असेल, उलट्या थांबतच नसतील, तर सलाईन लागतं. तेव्हा सहसा रिंगर लॅक्टेट हे क्षार असलेलं द्रावण देतात, वजनावरून हिशेब करून. आपल्याकडे ज्याला ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतात, त्या नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात मीठ नसतं, त्यामुळे तिचा अशा वेळी उपयोग नसतो. तुमचा मुलगा या अवस्थेत नव्हता. तो तोंड फिरवत होता, गोड पेय घटाघटा पीत होता, म्हणजे जागा होता आणि गिळू शकत होता. अशा मुलाला सुई टोचून जे मिळालं असतं ते चमच्याने मिळू शकतं, सुईचा त्रास आणि संसर्गाचा धोका टाळून.

हे सांगताना मला १९७१ सालची आठवण काढावीशी वाटते. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांमध्ये भरलं, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते भांड्याभांड्याने पाजायला सांगितलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. पाजणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती: आया, बहिणी, काका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८मध्ये या उपचाराचं मोल ओळखून त्याला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. २०२३मध्ये महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुमच्या मिस्टरांना ओआरएस म्हणजे ‘काहीच न करणं’ वाटत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

पण त्यांची निराशा मला समजते. ओआरएस देऊनही शी थांबत नाही, मग उपयोग काय, असं वाटतंच. शी थांबवणं हे ओआरएसचं कामच नाही. जुलाब बहुतेक वेळा काही दिवसांत आपणहून आटोक्यात येतात, तोवर अंगातलं पाणी टिकवायचं, एवढ्यासाठी ते द्यायचं. जुलाबांचा काळ आणि जोर थोडा कमी होतो तो झिंकने, म्हणून ते मुलांना सहसा १४ दिवस देतात: सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०. शी थांबली की बाटली कपाटात जाते, तसं करू नका. आणि जुलाब ‘बांधणाऱ्या’ गोळ्या लहान मुलांना मुळीच देऊ नका.

मुलगा ओआरएस पीत नाही, याचं काय? खरोखर पाणी कमी झालेलं मूल बहुधा ते खारट पाणी अधाशासारखं पितं. तोंड फिरवणारं, चिडचिडं पण खेळतं मूल पुष्कळदा फारसं सुकलेलं नसतं. तेव्हा नकार दिसला की घाबरायच्या आधी त्याची लघवी, जीभ, डोळे बघा. मात्र झोपाळून, मान टाकून जे पीत नाही त्याची गोष्ट निराळी, ते धोक्याचं.

पाजायचं ते चमच्याने किंवा औषधाच्या सिरिंजने, दर दोन-तीन मिनिटांनी पाच मिली. घड्याळ समोर ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून घरातल्या मोठ्यांनी आळीपाळीने करावं, एकट्या आईवर टाकू नये. अशा गतीने तासाभरात शंभर ते दीडशे मिली सहज पोटात जातं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करा. उलटी झाली म्हणजे सगळंच बाहेर पडलं असं नसतं. एकेका पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना निदान पेलाभर आणि मग तहान असेल तितकं. थंड केलं तर चव सुसह्य होते. त्यात वरून साखर, सरबत, दूध काही घालायचं नाही.

मिसळताना होणारी चूक मला फार सतावते. मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि ते पूर्ण एकदम, एक लिटर पाण्यातच घालायचं. घरोघरी ते एका पेल्यात ढवळलं जातं, ‘जरा कडक असलेलं बरं’ म्हणून. त्याने मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. छोटी पाकिटं २०० मिलीची असतात, तीही मिळतात. पाकिटावर किती पाण्यासाठी ते वाचा आणि मापाला पाण्याची एक लिटरची बाटली वापरा. तांब्या, पेला, अंदाज यांच्यावर सोडू नका. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्या; मिसळल्यावर उकळायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं टाकून नवीन करा.

रात्री दोन वाजता पाकीट नसेल तर घरचं करा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलीचा, आणि वरून सपाट केलेला. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी पाकीट आणाच.

सासूबाईंचं शहाळं मी पूर्ण खोडून काढणार नाही. ते स्वच्छ असतं, मुलं आवडीने पितात आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पण सोडियम कमी असतं, त्यामुळे जुलाबात मुख्य पेय म्हणून ते पुरत नाही. ओआरएससोबत, जेवणासोबत थोडं द्यायला हरकत नाही. त्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातली दोन पेयं मला अधिक मोलाची वाटतात: मीठ घातलेली भाताची पेज आणि मीठ घातलेलं पातळ ताक. पेजेतल्या तांदळाच्या पिठूळ अंशातून आतड्यात हळूहळू ग्लुकोज सुटतं आणि मीठ त्याला जोडीला मिळतं. वरणाचं पाणीही चालतं. उसाचा रस मात्र टाळा. साखर फार, आणि रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो हे विचारून कळत नाही.

‘पोटाला विसावा’ मात्र सोडून द्यायला हवा. सासूबाईंनी ऐकलेला हा सल्ला एका अख्ख्या पिढीने पाळला आहे, म्हणून तो आपुलकीनेच बाजूला ठेवावा. उपाशी मूल लवकर अशक्त होतं आणि आतड्याचं अस्तर भरून यायलाही अन्न लागतं. मऊभात, मुगाची खिचडी, दहीभात, केळं, थोडं थोडं, वरचेवर. अंगावरचं दूध तर कधीच थांबवायचं नाही.

आता तुमच्या सासूबाई. मला त्यांची काळजी मुलापेक्षा जास्त वाटली, आणि तुमच्या पत्रात त्यांच्यावर सगळ्यात कमी ओळी आहेत. हे पुष्कळ घरांत होतं. मुलाची शी मोजली जाते. आजींच्या फेऱ्या कोणी मोजत नाही, त्या स्वतः सांगत नाहीत. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे ‘मला तहानच नाही’ हे त्यांचं म्हणणं खरं असलं तरी त्यावर विसंबता येत नाही. उठताना आलेली चक्कर हे पाणी आणि मीठ कमी झाल्याचं ठळक लक्षण होतं. त्या पडल्या असत्या तर खुब्याचं हाड मोडून वर्ष गेलं असतं.

साखरेची भीती आकड्यांत बघू. ओआरएसच्या २०० मिलीच्या पेल्यात तीन ग्रॅमहूनही कमी ग्लुकोज असतं. दोन चमचे साखरेच्या चहात याच्या तिप्पट साखर जाते. जुलाब चालू असताना मधुमेही माणसालाही ओआरएस लागतं; घरी यंत्र असेल तर शुगर अधिक वेळा तपासा, इतकंच. बीपी आहे म्हणून मीठ नको, हाही विचार या दोन-तीन दिवसांत लागू पडत नाही, कारण मीठ बाहेर जात असतं. जुलाब थांबले की ओआरएसही थांबवायचं. उन्हाळ्यात रोज एक पाकीट ‘ताकदीसाठी’ पिणारी माणसं मला भेटतात. बीपी असलेल्याने तर ते मुळीच करू नये.

त्यांच्या गोळ्यांबद्दल नीट ऐका. जुलाब-उलट्या चालू असताना काही नेहमीच्या गोळ्या घातक ठरू शकतात: लघवी वाढवणारी पाण्याची गोळी, टेल्मिसार्टनसारखी बीपीची औषधं, मेटफॉर्मिन, आणि ‘ग्लिफ्लोझिन’ने नाव संपणारी शुगरची औषधं. अंग सुकलेलं असताना यांनी मूत्रपिंडावर ताण येतो किंवा पाणी आणखी कमी होतं. यातलं काय थांबवायचं आणि कधी परत सुरू करायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, आणि इन्शुलिन असेल तर ते तर नाहीच. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असून पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करावं. शहाळ्यातलं पोटॅशियमही त्यांना धोक्याचं.

संडासला जायच्या भीतीने पाणी तोडणाऱ्या आजींसाठी उपाय वेगळे असतात: रात्री दिवा चालू ठेवणं, वाटेतल्या पायपुसण्या उचलणं, जवळ कोणीतरी झोपणं. तुमच्या मिस्टरांना काहीतरी करायचंच होतं ना? आईजवळ झोपणं आणि दर तासाला पेला हातात देणं, हे काम त्यांचं.

उन्हाने पाणी कमी होणं थोडं वेगळं. पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्यांना किंवा मे महिन्यात दुचाकीवर फिरणाऱ्यांना घामातून पाणी जास्त आणि मीठ जुलाबाच्या मानाने कमी जातं. तिथे साधं पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम, ताक एवढ्याने भागतं. पण उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काही ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ला फोन करा.

दवाखान्यात ताबडतोब कधी न्यायचं? मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते, शीमध्ये रक्त आहे, उलट्या थांबत नाहीत: यातलं काहीही दिसलं तर. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर याहून आधीच. मोठ्यांमध्ये उभं राहिल्यावर चक्कर, गोंधळलेलं बोलणं, जवळजवळ बंद झालेली लघवी. तेव्हा डॉक्टरांनी सलाईन सांगितलं तर लगेच लावा. तेव्हा ‘घरीच बघू’ म्हणणं चूक.

आणखी एक. एकाच घरात पाठोपाठ दोघांची पोटं बिघडली, आणि तुम्ही सिंहगड रस्त्यावर राहता. जानेवारी २०२५मध्ये याच भागात, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी परिसरात, गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले होते आणि तपासण्यांत दूषित पाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला होता. हा आजार दुर्मिळ आहे, घाबरून जाऊ नका. पण जुलाबांनंतर एक ते तीन आठवड्यांत हातापायांत मुंग्या येऊन पाय लटपटू लागले, जिना चढवेना, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. आणि सोसायटीत चौकशी करा, आणखी कोणाकडे जुलाब झालेत का. झाले असतील तर टाकी कधी धुतली, टँकर कुठून येतो, हे विचारून पाण्याचा नमुना तपासायला द्या आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार नोंदवा. अहवाल येईपर्यंत पिण्याचं, भाज्या धुण्याचं आणि ओआरएसचं पाणी उकळूनच वापरा.